'जोडीदार' म्हणजे कोण? सुप्रियो निकाल, प्राप्तिकर कायदा आणि अर्धवट मांडलेला हिशोब

मागच्या पोस्टनंतर अकोल्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "काऊन जी, लग्नाच्या निकालात इन्कम टॅक्स कुठून आला?" प्रश्न साधा आहे, पण पेटच्या तयारीत असलेल्या आणि संशोधनाचा विषय शोधणाऱ्या मंडळींसाठी फार उपयोगाचा आहे. समलिंगी विवाहावर दरवर्षी कितीतरी रूपरेषा लिहिल्या जातात. त्यातल्या बहुतेकांत प्रतिष्ठा, समानता, खासगीपणा हे सगळं येतं. "आर्थिक लाभांपासून वंचित" असं एक वाक्यही येतं आणि तिथेच विषय संपतो. हे वंचित राहणं रुपयांत किती, कोणासाठी आणि कोणत्या कलमामुळे, हे कोणी मोजत नाही. आज आपण तेच मोजून बघू. त्यासाठी आधी निकाल वाचू, मग कलम, मग आकडे. शेवटी मूळ निकालावर आणि आपल्याच लेखनावर माझे काही आक्षेप आहेत, ते मांडतो.

निकालात नेमकं काय आहे

'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. विवाह नाही तर निदान 'नागरी संबंध' म्हणून मान्यतेचा हक्क आहे का, यावर मात्र पीठ फुटलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. कौल 'हो' म्हणाले, तर न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा 'नाही' म्हणाले. म्हणजे ३ विरुद्ध २. पुनर्विलोकनाच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

आता आपल्या कामाचा भाग. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने काय काय बघावं, याची एक यादी सरन्यायाधीशांच्या मतात आहे. रेशनकार्ड, बँकेचं संयुक्त खातं, तुरुंगातली भेट, वारसा, ग्रॅच्युइटी, कुटुंब निवृत्तिवेतन, विमा, आणि याच ओळीत प्राप्तिकर कायदा, १९६१ खालचे आर्थिक लाभ. न्या. भट यांनीही मान्य केलं की 'जोडीदार' या शब्दावर बेतलेल्या योजनांमुळे या जोडप्यांचं नुकसान होतं आणि ते दूर करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

बस, एवढंच. प्राप्तिकर आला तो 'लाभ' या शब्दाबरोबर. माझा पहिला आक्षेप इथेच आहे: कायद्यात 'जोडीदार' हा शब्द फक्त लाभ देत नाही. तो संशयही घेतो.

कलम उघडून बघा

भारतात १९५८ चा दानकर कायदा होता. तेव्हा कर देणाऱ्यावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो बंद झाला. मग लोक पगार, नफा, काळा पैसा 'भेट' म्हणून दाखवू लागले, म्हणून २००४ पासून कर घेणाऱ्यावर आला. आजचं रूप कलम ५६(२)(x) हे १ एप्रिल २०१७ पासूनचं. एका वर्षात मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, की फक्त वरची नाही, पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. 'नातेवाईका'कडून आली असेल तर मात्र नाही.

नातेवाईक कोण? यादी कायद्यातच आहे आणि ती घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. जोडीदार, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, जोडीदाराचेही तसेच, आणि या सगळ्यांचे जोडीदार.

आता ही यादी आपल्या नात्यांवर लावून बघा. मामाने भाच्याला २० लाख दिले तर करमुक्त. भाच्याने मामाला दिले तर करपात्र, कारण मामासाठी भाचा यादीत नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ यादीत नाहीत, मग ते एकाच वाड्यात वाढलेले का असेनात. पण साळ्याच्या बायकोने दिले तर करमुक्त! ती 'जोडीदाराच्या भावाची जोडीदार' म्हणून यादीत बसते. आणि अमरावतीत बारा वर्षं एका छताखाली राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाने दुसऱ्याला दिले, तर करपात्र.

हे सांगतोय कशासाठी? ही यादी निसर्गाने दिलेली नाही, संसदेने वित्त कायद्यातून बनवलेली आहे. ती वाढते, कमी होते, बदलते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा रकाना: क्लबिंग

बहुतेक रूपरेषा इथपर्यंत येऊन थांबतात. 'भेटीवर कर लागतो, म्हणजे भेदभाव' असा निष्कर्ष निघतो. पण कलम ६४ तसंच राहतं.

कलम ६४(१)(iv) सांगतं की तुम्ही जोडीदाराला पुरेशा मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली, तर तिच्यावरचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाईल. सीए मंडळी याला क्लबिंग म्हणतात. कलम २७ घरासाठी असंच करतं. घर बायकोच्या नावे भेट दिलं तरी करासाठी मालक तुम्हीच. आपल्या धंद्यात जोडीदाराला पगार दाखवला, तर त्याच्याकडे त्या कामाची पात्रता आहे का, हेही तपासलं जातं.

म्हणजे कायदा नवरा-बायकोला सांगतो: पैसे एकमेकांना द्या, आम्ही विचारणार नाही, पण त्या देवाणघेवाणीतून कर वाचवू देणार नाही. या दोन गोष्टी जोडीने चालतात. समलिंगी जोडीदार कायद्याच्या नजरेत परके. त्यामुळे त्यांना पहिली सवलत नाही आणि दुसरं बंधनही नाही.

आकडे मांडू

आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी कररचना घेऊ. ४ लाखांपर्यंत शून्य, मग प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७अ ची सूट, म्हणजे कर शून्य. वर ४ टक्के उपकर.

समजा 'अ' चं करपात्र उत्पन्न १७ लाख, 'ब' ला स्वतःचं काही उत्पन्न नाही.

उदाहरण १. 'अ' ने वर्षाच्या शेवटी 'ब' ला १२ लाख दिले, 'ब' ने ते पुढच्या वर्षी ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले. वर्षाला ८४,००० रुपये व्याज. दोघं कायद्याने नवरा-बायको असतील तर भेटीवर कर नाही, पण व्याज 'अ' च्या उत्पन्नात जाईल आणि २० टक्क्यांनी उपकरासह १७,४७२ रुपये दरवर्षी भरावे लागतील. दोघं पुरुष असतील तर? १२ लाख 'ब' चं उत्पन्न धरलं जाईल, पण ८७अ मुळे कर शून्य. पुढचं व्याज 'ब' चं स्वतःचं, तिथेही कर शून्य. म्हणजे इथे विवाहित जोडपंच जास्त कर भरतं!

उदाहरण २. रक्कम २० लाख केली. आता समलिंगी जोडप्यात 'ब' ला त्या वर्षी २,००,००० कर आणि ८,००० उपकर, एकूण २,०८,००० रुपये. विवाहित जोडप्याला भेटीवर शून्य, पण १,४०,००० व्याजावर दरवर्षी २९,१२० रुपये. दर तेच राहिले आणि व्याज दरवर्षी काढून घेतलं, तर आठव्या वर्षी विवाहितांनी भरलेला कर जास्त होतो.

उदाहरण ३. ठेव नाही, घर. अमरावतीत 'अ' च्या नावावर ४० लाखांचा राहता फ्लॅट आहे. 'अ' ला अर्धा हिस्सा 'ब' च्या नावे बक्षीसपत्राने करायचा आहे. नवरा-बायको असतील तर प्राप्तिकर शून्य. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ प्रमाणे निवासी किंवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. 'ब' परका ठरला तर २० लाखांवर ५ टक्के म्हणजे १,००,००० रुपये शुल्क, वर स्थानिक अधिभार, आणि प्राप्तिकर २,०८,०००. स्वतः राहत असलेल्या घरातून उत्पन्न येत नाही, म्हणून विवाहितांना क्लबिंगचा फटकाही नाही. एका बाजूला २०० रुपये, दुसऱ्या बाजूला तीन लाखांच्या वर.

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. ज्याला जोडीदाराच्या नावे ठेव टाकून उत्पन्न वाटून घ्यायचं आहे, त्याला हा कायदा सोयीचा आहे. ज्याला फक्त 'हे घर आपल्या दोघांचं' असं कागदावर आणायचं आहे, त्याला तो महाग पडतो. म्हणजे कर चुकवण्याची वाट मोकळी आणि संसार करण्याची वाट अडवलेली. करकायद्याच्या स्वतःच्या तर्काने पाहिलं तरी हे उलटं आहे. आणि 'लाभांपासून वंचित' या दोन शब्दांत ते दिसत नाही.

अजून एक. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर कलम ५६ लागत नाही, आणि भारतात वारसा कर नाही (१९५३ चा संपदा शुल्क कायदा १९८५ मध्येच गेला). म्हणून तोच फ्लॅट 'अ' ने मृत्युपत्रात 'ब' ला दिला तर प्राप्तिकर शून्य. जिवंतपणी दिला तर दोन लाखांवर कर. मृत्युपत्र करायचं राहून गेलं तर हिंदू वारसा कायद्यात 'ब' कुठेच नाही. फ्लॅट 'अ' च्या नातेवाईकांकडे जाईल, मग ते वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलत नसले तरी. सीएकडे गेलेल्या अशा जोडप्याला सल्ला मिळेल तो 'मृत्युपत्र करा' हाच. सल्ला बरोबर आहे. पण मृत्युपत्र कधीही बदलता येतं, त्याला आव्हानही देता येतं. 'ब' ला आज राहत्या घरात हक्क हवा असेल, तर त्याचं उत्तर त्यात नाही.

मुंबई उच्च न्यायालयातली याचिका

एका समलिंगी जोडप्याने कलम ५६(२)(x) मधल्या याच 'जोडीदार' शब्दाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. केंद्रीय कायद्याच्या घटनात्मक वैधतेचा प्रश्न असल्याने खंडपीठाने ऑगस्ट २०२५ मध्ये महान्यायवादींना नोटीस काढली. सुप्रियो निकालानंतर 'विवाह मान्य करा' असं न म्हणता एका कलमातल्या एका शब्दाबद्दल भांडणं, ही या याचिकेची ताकद आहे.

अमेरिकेतली लढाईसुद्धा कराच्या पावतीवरूनच जिंकली गेली. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ मध्ये टोरोंटोत लग्न केलं. २००९ मध्ये स्पायर वारल्या आणि विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर संपदा कर भरावा लागला, कारण केंद्रीय कायदा त्यांना पत्नी मानत नव्हता. २६ जून २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

तरीही माझा दुसरा आक्षेप आहे. फक्त कलम ५६ मधला 'जोडीदार' रुंद केला आणि कलम ६४ मधला तसाच ठेवला, तर समलिंगी जोडप्याला भेट करमुक्त आणि क्लबिंगही नाही, अशी दुहेरी सूट मिळेल. सरकारी वकील पहिल्याच दिवशी हे दाखवतील, आणि ते चूक म्हणता येणार नाही. एकाच कायद्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ टिकत नाहीत. समानता मागायची तर ओझ्यासकट मागावी. तसं मागितलं तर दावा कमजोर होत नाही, उलट 'यांना फक्त सवलती हव्यात' या टीकेची हवा निघते.

'पण कायद्याने जोडीदार ठरवायचा कोणी?'

याला कठीण प्रश्न म्हणतात आणि तो टाळू नका. फ्रान्सने १९९९ मध्ये 'पाक्स' नावाचा नोंदणीकृत करार आणला. सुरुवातीला संयुक्त कर आकारणीसाठी तीन वर्षं थांबावं लागे, नंतर ती अट गेली. जर्मनीत नोंदणीकृत भागीदारी २००१ पासून होती, पण विवाहितांसारखी कर आकारणी तिथल्या घटना न्यायालयाने ७ मे २०१३ ला दिली. अमेरिकेत विंडसरनंतर करखात्याने उलटी भूमिका घेतली: विवाह मान्य, पण 'सिव्हिल युनियन' ला विवाह धरणार नाही. म्हणजे नोंदणी झाली की कर आपोआप सुटतो, असंही नाही.

आपल्याकडे अशी नोंदणीच नाही. मग पुरावा काय? सरकारनेच थोडी वाट दाखवली आहे. केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा. २८ ऑगस्ट २०२४ ला वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही. म्हणजे धान्य देताना 'एक घर' आणि कर घेताना 'दोन परके'. एकाच सरकारच्या दोन खात्यांची ही विसंगती कोणाच्या तरी प्रबंधाचं एक प्रकरण होऊ शकते.

आणि नातेवाईकांची यादी वित्त विधेयकातून बदलता येते, हे आपण वर पाहिलं. सुप्रियोतल्या बहुमताने 'हे संसदेचं काम' म्हणून विषय सोडला. ठीक. पण करापुरतं बघितलं तर संसदेला त्यासाठी विवाह कायद्याला हात लावायची गरज नाही, 'एका घरात राहणारा घोषित जोडीदार' असं एक कलम यादीत पुरे. सुनावणीत केंद्रातर्फे १६० तरतुदींवर परिणाम होईल असं सांगितलं गेलं होतं. एक एक तरतूद वेगळी काढून तपासली तर किती सुटतात, हे कोणीतरी बसून बघायला हवं. निकालाने ते केलं नाही, हा माझा तिसरा आक्षेप.

जाता जाता गोवाही बघा. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, म्हणून कलम ५अ प्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं वाटून कर लागतो. अमरावतीचं विवाहित जोडपं ते करू शकत नाही. तेव्हा 'विवाहित' हा गटसुद्धा कायद्यात एकसारखा नाही. तुलना करताना कोणत्या विवाहिताशी, हे लिहा.

तुमच्या रूपरेषेसाठी

१. तुलना कोणाशी, ते आधी ठरवा. लिव्ह-इनमधल्या स्त्री-पुरुषालाही ही सवलत नाही, पण त्याला लग्नाचा दरवाजा उघडा आहे. एकत्र राहणाऱ्या दोन बहिणींचं काय? ब्रिटनमधल्या बर्डन भगिनींनी वारसा करावरून हाच प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेला आणि २९ एप्रिल २००८ ला त्या हरल्या. मात्र भारतात बहीण यादीत आहे. तिथला युक्तिवाद इथे जसाच्या तसा लावू नका.

२. दोन्ही रकाने मांडा. तुमच्या गृहीतकाच्या विरुद्ध जाणारा आकडा (आपलं उदाहरण १) लपवू नका. तो दाखवल्यावरच उदाहरण ३ वर वाचक विश्वास ठेवतो.

३. कलम मूळ भाषेत वाचा. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५६ मध्ये लिंगनिरपेक्ष शब्द आहे आणि त्याची व्याख्या नाही. मुद्रांक अधिनियमात थेट 'पती, पत्नी' आहे. एकाचा अर्थ न्यायालय लावू शकतं, दुसऱ्याला विधिमंडळातच बदलावं लागेल. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात. जुना क्रमांक लिहिताना वर्ष लिहा.

४. मुलाखती घेणार असाल तर सगळ्यात आधी हे वाचा. मुंबईत 'एक डॉक्टर, वय ४१' असं लिहिलं तर माणूस ओळखू येत नाही. अकोल्यात येतो. पेशा, मोहल्ला, फ्लॅटची किंमत यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुरे. कलम ३७७ चा धाक ६ सप्टेंबर २०१८ ला गेला असेल, घरमालकाचा आणि भावकीचा गेलेला नाही. ज्यांनी शेजाऱ्यांना 'रूम पार्टनर' सांगितलं आहे, त्यांचं ते सांगणं तुमच्या तक्त्यामुळे उघडं पडता कामा नये. कायद्याचा हिशोब तर वर केला तसा काल्पनिक 'अ' आणि 'ब' वरही मांडता येतो. त्यासाठी कोणाच्या घराची कडी वाजवायची गरज नाही.

अकोल्याच्या त्या मित्राला माझं उत्तर: इन्कम टॅक्स बाहेरून आलेला नाही. घर कोणाचं, पैसा कोणाचा, आणि एकाच्या मागे दुसऱ्याने राहायचं कुठे, हेच लग्नाच्या निकालातले प्रश्न होते. करकायदा ते दरवर्षी जुलैत विवरणपत्र भरताना विचारतो. पुढच्या पोस्टमध्ये कलम ८०ड आणि आरोग्य विम्यातलं 'कुटुंब' घेऊ. तोवर उदाहरण ३ मध्ये फ्लॅटऐवजी दर्यापूरकडची कोरडवाहू शेती टाकून हिशोब करून बघा. ग्रामीण शेतजमीन 'भांडवली मालमत्ता' धरली जाते का, तिथून सुरुवात करा. उत्तर वेगळं येईल.